तक्त्यातून नेमका दर कसा शोधायचा? ओळ आणि कॉलमच्या लूकअपबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपतीचं विसर्जन झालं की फराळाची धांदल सुरू होते आणि माझा फोन वाजायला लागतो. परदेशी फराळ पाठवणाऱ्या तीन-चार घरगुती उद्योगांचे हिशेब मी सांभाळते. अनारसे जाळीदार करण्यात या बायकांचा हात कुणी धरणार नाही. पण ‘अमेरिकेला सव्वादोन किलो, किती घ्यायचे?’ असं गिऱ्हाइकानं विचारलं की भिंतीवर चिकटवलेल्या दरपत्रकावर बोट फिरायला लागतं. एक बोट वरून खाली, दुसरं डावीकडून उजवीकडे, आणि दोन्ही जिथे भेटतील तो आकडा. दिवसाला पाच पार्सलं असतील तर बोटं पुरतात. पन्नास झाली की एखादं बोट शेजारच्या घरात घसरतं.

हेच काम, म्हणजे ‘लूकअप’, शीटकडून (एक्सेल किंवा गूगल शीट्सकडून) कसं करून घ्यायचं, याबद्दल मला दरवर्षी जे प्रश्न येतात ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणातले दर समजावण्यापुरते आहेत, ते कुणाला सांगू नका.

फॉर्म्युले देवनागरीत लिहिलेत, ते तसेच टाइप करायचे का?

नाही. वाचायला सोपं जावं म्हणून मी फंक्शनची नावं, सेलचे (म्हणजे शीटमधल्या एकेका घराचे) पत्ते आणि आकडे उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत. शीटमध्ये ते इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच टाइप करायचे. देशांची, पदार्थांची नावं मात्र मराठीत खुशाल ठेवा. पत्ते हाताने टाइप करण्यापेक्षा माउसने ती जागा निवडलेली बरी, चुका निम्म्या होतात.

आधी तक्ता कसा मांडू?

‘दर’ नावाची एक शीट करा. पहिल्या कॉलममध्ये वजन, पहिल्या ओळीत देश, मधे रुपये:

| किलोपर्यंत | दुबई | सिंगापूर | इंग्लंड | अमेरिका | ऑस्ट्रेलिया |
|---|---|---|---|---|---|
| १ | ९०० | १००० | १५०० | १८०० | १७०० |
| २ | १४०० | १६०० | २३०० | २७०० | २६०० |
| ३ | १८५० | २१५० | ३००० | ३५०० | ३४०० |
| ५ | २७०० | ३२०० | ४३०० | ५००० | ४९०० |
| १० | ४८०० | ५७०० | ७५०० | ८८०० | ८६०० |

म्हणजे वजनं ए२ ते ए६, देश बी१ ते एफ१ आणि दर बी२ ते एफ६. दुसरी शीट ‘ऑर्डर’. तिच्यात ए कॉलममध्ये गिऱ्हाइकाचं नाव, बी मध्ये देश, सी मध्ये वजन, आणि डी मध्ये आपल्याला दर हवा आहे.

तीन पथ्यं पाळा. वजनाच्या सेलमध्ये ‘३ किलो’ असं लिहू नका, नुसता आकडा लिहा. दरापुढे ‘/-’ लावू नका. आणि तक्त्याच्या मधोमध शोभेसाठी रिकामी ओळ सोडू नका. तक्ता यंत्रासाठी आहे, भिंतीसाठी वेगळा छापा.

ओळ आणि कॉलम दोन्ही बघून आकडा आणायचा म्हणजे नक्की काय करायचं?

जे बोटांनी करत होता तेच. प्रश्न दोन आहेत: कितवी ओळ, आणि कितवा कॉलम. या दोन प्रश्नांची उत्तरं ‘मॅच’ देतं. मॅच फक्त मोजतं. ‘सिंगापूर’ हा शब्द बी१ ते एफ१ मध्ये कितव्या जागी आहे? दुसऱ्या. ‘३’ हा आकडा ए२ ते ए६ मध्ये कितवा? तिसरा. मग ‘इंडेक्स’ला सांगायचं, की या चौकोनातली तिसरी ओळ, दुसरा कॉलम उचल:

=इंडेक्स(दर!$बी$२:$एफ$६, मॅच(सी२, दर!$ए$२:$ए$६, ०), मॅच(बी२, दर!$बी$१:$एफ$१, ०))

ऑर्डरच्या बी२ मध्ये सिंगापूर आणि सी२ मध्ये ३ असेल तर उत्तर येईल २१५०. ‘दर!’ म्हणजे ‘दर’ शीटमधलं, आणि डॉलरच्या खुणांबद्दल पुढे सांगते.

यात एकच गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघायची. इंडेक्सचा चौकोन ज्या ओळीपासून सुरू होतो, त्याच ओळीपासून वजनांची यादी सुरू झाली पाहिजे, आणि ज्या कॉलमपासून सुरू होतो त्याच कॉलमपासून देशांची. इथे चौकोन बी२ पासून आहे, म्हणून वजनं ए२ पासून आणि देश बी१ पासून. यातलं एक जरी एका घराने सरकलं, तरी शीट बहुतेक वेळा काही तक्रार करत नाही. शेजारच्या घरातला आकडा तितक्याच ऐटीत दाखवते.

दुसरं, मॅचच्या शेवटचं शून्य. ते गाळलं तर मॅच १ धरून चालतं, म्हणजे यादी चढत्या क्रमाने लावलेली आहे असं समजून अंदाजे जुळणी करतं. आपले देश काही क्रमाने लावलेले नाहीत. मग कधी एन/ए (म्हणजे ‘सापडलं नाही’) येतं, कधी भलताच कॉलम मिळतो. नावं शोधताना शून्य कधीच सोडू नका.

मला व्हीलूकअप येतं. ते चालणार नाही का?

चालेल की. व्हीलूकअप म्हातारं आहे, १९८३ च्या लोटस १-२-३ या स्प्रेडशीटमध्येही ते होतं. अजून जगभरातल्या कचेऱ्या त्याच्यावरच चालतात. पण त्याला ओळ शोधता येते, कॉलम शोधता येत नाही. कॉलमचा नंबर आपण सांगायचा असतो. लोक तिथे ३ किंवा ४ असा आकडा ठोकून देतात. मग पुढच्या वर्षी कुणीतरी मधे ‘कॅनडा’ घुसवतं, आणि कालपर्यंतचा चौथा कॉलम आज पाचवा होतो. फॉर्म्युल्यातला ४ मात्र ४ च राहतो.

त्यावर उपाय म्हणजे नंबराच्या जागी मॅच:

=व्हीलूकअप(सी२, दर!$ए$१:$एफ$६, मॅच(बी२, दर!$ए$१:$एफ$१, ०), ०)

इथे मॅच ए१ पासून आहे हे बघितलंत? व्हीलूकअप कॉलम मोजताना वजनाचा कॉलमही धरतं, म्हणून मॅचलाही तिथूनच मोजायला लावायचं.

हे मी शहाणपणाने सांगत नाहीये, ठेच लागली म्हणून सांगतेय. एका दिवाळीत माझ्याच हातून तिथे बी१ पडलं. त्यामुळे सिंगापूरच्या प्रत्येक पार्सलला दुबईचा दर लागला. तीन किलोमागे तीनशे रुपये कमी. अमेरिकेला इंग्लंडचा. आकडे दिसायला ठीकच होते, कुणाला शंका आली नाही. त्या वर्षी दुबईची एकही ऑर्डर नव्हती. असती तर तीन किलोच्या पार्सलचा दर चक्क ३ रुपये आला असता, कारण डावीकडचा कॉलम वजनाचाच, आणि पहिल्याच दिवशी बिंग फुटलं असतं. ते पैसे मी भरून दिले आणि तेव्हापासून इंडेक्स-मॅच वापरते.

एचलूकअप म्हणजे हेच आडवं केलेलं. त्यावर वेगळं सांगण्यासारखं काही नाही.

वजन २.३ किलो आहे. तक्त्यात २ आहे, ३ आहे. मग?

या प्रश्नावर जरा थांबू या, कारण पैसे इथेच जातात.

शेवटी ० लावलंत तर २.३ सापडत नाही आणि एन/ए येतं. ते पाहून पुष्कळ जण शून्य काढून टाकतात किंवा त्या जागी १ लिहितात, आणि काय आश्चर्य, उत्तर येतं! पण ते २ किलोचं येतं. अंदाजे जुळणी नेहमी खालच्या पायरीवर उतरते, म्हणजे दिलेल्या आकड्याइतका किंवा त्याहून लहान असा सर्वांत मोठा आकडा धरते. अमेरिकेच्या पार्सलला तुम्ही २७०० घेतले, कुरिअरवाला ३५०० घेणार. आठशे रुपये तुमच्या खिशातून, आणि लाडवाचा नफा त्यातच विरघळला.

आयकराच्या टप्प्यांना किंवा गुणांवरून श्रेणी काढायला ही खाली उतरणारी जुळणी बरोबर असते, कारण तिथे तक्त्यात ‘इतक्यापासून’ असं लिहिलेलं असतं. कुरिअरच्या तक्त्यात ‘इतक्यापर्यंत’ असतं. तिथे वर चढायला हवं.

वर चढायची माझी आवडती युक्ती काउंटइफची आहे, कारण ती जुन्या एक्सेलमध्येही चालते. कल्पना साधी आहे. पार्सलपेक्षा लहान पायऱ्या किती ते मोजा आणि एक मिळवा. २.३ पेक्षा लहान पायऱ्या दोन, १ आणि २. म्हणून ओळ तिसरी. वजन बरोब्बर २ असेल तर लहान पायरी एकच, म्हणून ओळ दुसरी. हेच हवं होतं.

=इंडेक्स(दर!$बी$२:$एफ$६, काउंटइफ(दर!$ए$२:$ए$६, "<"&सी२)+१, मॅच(बी२, दर!$बी$१:$एफ$१, ०))

यासाठी वजनं वरून खाली चढत्या क्रमाने हवीत. १२ किलोचं पार्सल आलं तर सहावी ओळ मागितली जाते, ती चौकोनात नाही, म्हणून एक्सेलमध्ये ‘#रेफ!’ येतं. येऊ द्या. दहा किलोच्या वर कुरिअरला फोनच करायचा असतो. उलट वजनाची सेल रिकामी राहिली तर ही युक्ती गुपचूप पहिल्या ओळीचा दर देऊ शकते. म्हणून सगळा फॉर्म्युला =इफ(सी२="", "", …) मध्ये गुंडाळा.

मॅचच्या शेवटी -१ लिहूनही वर चढता येतं, पण त्याला यादी उतरत्या क्रमाने लागते: १०, ५, ३, २, १. असा उलटा तक्ता वाचणाऱ्याला तापदायक. मी तो कधी वापरला नाही.

चिवड्याचं पार्सल हलकं असूनही कुरिअरने जास्त पैसे लावले. फॉर्म्युला चुकला का?

फॉर्म्युला नाही चुकला, त्याला चुकीचं वजन दिलंत. परदेशी पार्सलचं वजन दोन प्रकारे धरतात: काट्यावरचं, आणि जागेचं. जागेचं वजन म्हणजे खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५००० ने भागायचं. ३० × २५ × २० चं खोकं म्हणजे १५,०००, भागिले ५०००, बरोबर ३ किलो. आत चिवडा भरलात आणि काट्याने सव्वा किलो दाखवलं, तरी पैसे तीन किलोचे. बेसनाच्या लाडवांना हा त्रास नाही, ते आपल्या वजनानेच मार खातात.

तेव्हा ऑर्डरच्या शीटमध्ये दोन्ही वजनं ठेवा आणि सी कॉलममध्ये =मॅक्स(काट्याचं, जागेचं) येऊ द्या. तुमचा कुरिअर कितीने भागतो ते मात्र त्यालाच विचारा. भागाकारातून येणारं वजन =राउंड(…, ३) करून घ्या. नाहीतर दशांशाच्या फार पुढच्या घरातला कचरा २ किलोच्या पार्सलला ३ च्या पायरीवर ढकलू शकतो.

एक्सलूकअप आलंय म्हणतात. मग हे सगळं कशाला?

ज्यांच्याकडे आहे त्यांनी जरूर वापरावं. मायक्रोसॉफ्टने ते २०१९ मध्ये जाहीर केलं. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये आणि एक्सेल २०२१ पासून पुढे ते मिळतं, गूगल शीट्समध्ये २०२२ ला आलं, लिब्रेऑफिसमध्ये २०२४ च्या २४.८ या आवृत्तीत. एक्सेल २०१६ आणि २०१९ मध्ये नाही.

ओळ आणि कॉलम दोन्हीसाठी एकात एक दोन घालायचे:

=एक्सलूकअप(बी२, दर!$बी$१:$एफ$१, एक्सलूकअप(सी२, दर!$ए$२:$ए$६, दर!$बी$२:$एफ$६, , १))

आतलं एक्सलूकअप वजन शोधतं आणि एकटा आकडा न देता ती अख्खी ओळ हातात देतं. बाहेरचं त्या ओळीतून देश निवडतं. शेवटचा १ म्हणजे नेमकं नसेल तर वरची पायरी धर, आणि त्यासाठी यादी क्रमाने लावायचीही गरज नाही. शिवाय काही न सांगितल्यास एक्सलूकअप नेमकीच जुळणी करतं. व्हीलूकअपच्या नेमकं उलट, आणि जास्त शहाणं.

एक धोका आहे. तुम्ही नव्या एक्सेलमध्ये फाइल केलीत आणि पॅकिंग करणाऱ्या काकूंच्या लॅपटॉपवर २०१६ आहे, तर त्यांना फॉर्म्युल्याच्या आधी ‘_एक्सएलएफएन.’ असं काहीतरी चिकटलेलं दिसेल. आकडा जुनाच राहील किंवा ‘#नेम?’ येईल. सगळ्यांकडे नवं नसेल तर इंडेक्स-मॅचच बरं.

‘सिंगापूर’ तक्त्यात ढळढळीत दिसतंय, तरी एन/ए येतं. असं का?

कारण दोन्हीकडचं ‘सिंगापूर’ एकच आहे असं तुमचे डोळे म्हणतात, शीट म्हणत नाही. शीटला अक्षरागणिक जुळवावं लागतं. मी या क्रमाने तपासते.

शेवटची मोकळी जागा. व्हॉट्सअ‍ॅपवरून ऑर्डर उचलून चिकटवली की मागे एक स्पेस हमखास येते. =लेन(बी२) करून दोन्हीकडची लांबी बघा. वेगळी आली तर =ट्रिम(बी२). वेबपानावरून उचललेल्या मजकुरात कधी कधी न तुटणारी स्पेस असते, तिला ट्रिम हात लावत नाही. ती =सब्स्टिट्यूट(बी२, कॅर(१६०), "") ने जाते. एक्सेलमध्ये त्या आतल्या फंक्शनचं स्पेलिंग सी-एच-ए-आर आहे.

आकडा की मजकूर. वजन शोधताना एन/ए आलं तर बहुधा एका बाजूचा ३ हा आकडा आहे आणि दुसऱ्या बाजूचा ३ हा मजकूर. एक्सेलमध्ये अशा सेलच्या कोपऱ्यात बहुतेक वेळा हिरवा त्रिकोण असतो. =इजनंबर(सी२) विचारा. ‘फॉल्स’ आलं तर =व्हॅल्यू(सी२) करा किंवा १ ने गुणा.

आणि एक खास आपल्या मराठीचं दुखणं, जे इंग्रजीतल्या मदतपानांवर कधीच सापडणार नाही. पदार्थांच्या तक्त्यात ‘खाऱ्या शंकरपाळ्या’ होत्या. ऑर्डरमध्येही ‘खाऱ्या शंकरपाळ्या’. स्पेस नाही, काही नाही, तरी गूगल शीट त्यांना ओळख देईना. हा आडवा अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिला जातो. काही कीबोर्ड ‘ऱ’ हे वेगळं अक्षर घेऊन त्याला हलन्त जोडतात. काही साधा ‘र’, हलन्त आणि मधे एक न दिसणारा जोडणारा वर्ण घालतात. पडद्यावर चित्र एकच. पण नुसत्या ‘खाऱ्या’ची लांबी पहिल्या पद्धतीने ६ येते, दुसऱ्या पद्धतीने ७. एकीने फोनवर आणि दुसरीने लॅपटॉपवर टाइप केलं की दोन ‘खाऱ्या’ जुळतीलच यावर विसंबू नका.

यावर औषध एकच, नावं टाइपच करू द्यायची नाहीत. डेटा व्हॅलिडेशनमध्ये जाऊन ऑर्डरच्या बी कॉलमला खाली उघडणारी यादी लावा आणि ती यादी दर शीटच्या बी१:एफ१ वरूनच घ्या. मग अमेरिका, यूएसए, यु.एस. आणि ‘भाचीकडे’ हे सगळे प्रकार बंद होतात. आमच्याकडे ‘भाचीकडे’ खरंच लिहिलेलं होतं.

एन/ए वाईट दिसतं. इफएररमध्ये घालून शून्य दाखवू का?

शून्य मुळीच नको. शून्य हा दर आहे, फुकट पाठवण्याचा. बेरजेत तो बेमालूम मिसळतो आणि महिनाअखेरीला कळत नाही की पैसे कुठे गेले. इफएररचा दुसरा दोष असा की तो सगळ्याच चुका झाकतो: नाव न सापडणं, चौकोनाबाहेर जाणं, फंक्शनचं स्पेलिंग चुकणं, सगळं एका पांघरुणाखाली. त्यापेक्षा =इफएनए(…, "देश तपासा") लिहा. ते फक्त न सापडण्यालाच पकडतं. एक्सलूकअपला तर चौथ्या जागी हाच मजकूर देता येतो.

मला विचाराल तर एन/ए दिसू द्यावं. न सापडल्याची बोंब मारणारा फॉर्म्युला परवडतो. त्या सिंगापूरच्या दिवाळीत एकही एन/ए नव्हतं.

पहिल्या ओळीत बरोबर येतं, खाली ओढलं की बिघडतं.

डॉलरची खूण राहिली. फॉर्म्युला खाली ओढताना बी२, सी२ हे बी३, सी३ व्हायला हवेत, पण दरांचा चौकोन जागचा हलता कामा नये. फॉर्म्युल्यात त्या पत्त्यावर कर्सर ठेवून एफ४ दाबा, दोन्ही डॉलर लागतात. काही लॅपटॉपवर त्यासोबत एफएनचं बटणही दाबावं लागतं.

माझ्या तक्त्यात देशाखाली पुन्हा ‘साधी’ आणि ‘जलद’ असे दोन कॉलम आहेत. आता?

आधी देशाच्या सेल जोडलेल्या असतील तर त्या सोडवा. जोडलेल्या सेलमध्ये नाव फक्त पहिल्या घरात असतं, दुसरं घर आतून रिकामं. ‘सिंगापूर’ दोन्ही घरांत लिहा.

मग दोन रस्ते आहेत. सोपा रस्ता: वर एक जादा ओळ घालून तिच्यात देश आणि सेवा जोडून टाका, =बी२&"-"&बी३, म्हणजे ‘सिंगापूर-जलद’ असं एकच नाव तयार होतं. ऑर्डरमध्येही तसंच जोडा आणि नेहमीचा मॅच चालवा. ती ओळ नंतर लपवून ठेवा. दुसरा रस्ता दिमाखदार आहे (इथे ऑर्डरच्या डी कॉलममध्ये सेवा धरली आहे, दर मग ई मध्ये आणा):

मॅच(१, (दर!$बी$१:$के$१=बी२)*(दर!$बी$२:$के$२=डी२), ०)

दोन्ही अटी जिथे खऱ्या तिथेच गुणाकार १ होतो, आणि मॅच तो १ शोधतं. जुन्या एक्सेलमध्ये एंटरऐवजी कंट्रोल-शिफ्ट-एंटर दाबावं लागतं, गूगल शीट्समध्ये अ‍ॅरेफॉर्म्युलामध्ये गुंडाळावं लागतं. सहा महिन्यांनी हा फॉर्म्युला उघडल्यावर तो तुमचा तुम्हालाच ओळखू येणार नाही, म्हणून मी सोपाच रस्ता घेते.

समप्रॉडक्टनेही येतं असं ऐकलं.

येतं. ओळीची अट गुणिले कॉलमची अट गुणिले दरांचा चौकोन. पण ते शोधत नाही, बेरीज करतं. देश दोनदा लिहिला गेला असेल तर दोन दर मिळवून देईल, आणि सापडला नाही तर शून्य. शून्याबद्दल वर बोललेच आहे.

उलटं करता येईल का? गिऱ्हाईक म्हणतं, ‘तीन हजारांत इंग्लंडला किती किलो जाईल?’

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण वर ज्या खाली उतरणाऱ्या जुळणीला नावं ठेवली तीच इथे कामाला येते. इंडेक्सला ओळीच्या जागी ० दिलं की तो अख्खा कॉलम देतो. इंग्लंडचा कॉलम घ्या, त्यात ३००० किंवा त्याहून कमी असा सर्वांत मोठा दर शोधा, आणि त्या ओळीचं वजन उचला:

=इंडेक्स(दर!$ए$२:$ए$६, मॅच(३०००, इंडेक्स(दर!$बी$२:$एफ$६, ०, मॅच("इंग्लंड", दर!$बी$१:$एफ$१, ०)), १))

उत्तर ३ किलो. २९०० म्हटलं तर २ किलो. हजार म्हटलं तर एन/ए, म्हणजे आभारपत्रच पाठवा.

जर्मनीतल्या भावाने फॉर्म्युला टाइप केला तर चुकीचा म्हणतंय. इथे मात्र चालतो.

तिकडे दशांशचिन्ह म्हणून स्वल्पविराम वापरतात, त्यामुळे फॉर्म्युल्यात स्वल्पविरामाच्या जागी अर्धविराम द्यावा लागतो. शिवाय जर्मन एक्सेलमध्ये फंक्शनची नावंही जर्मन असतात. फाइल पाठवलीत तर ती आपोआप बदलतात. फॉर्म्युला चॅटमध्ये पाठवलात तर नाही. फाइलच पाठवा.

दर वाढले म्हणून तक्ता बदलला, तर मागच्या महिन्यातल्या बिलांचे आकडेही बदलले!

बदलणारच. फॉर्म्युला आजचा तक्ता वाचतो, त्याला तुमचं जुनं बिल ठाऊक नाही. पार्सल गेलं आणि पैसे मिळाले की त्या ओळीचा दर कॉपी करून ‘फक्त व्हॅल्यू’ म्हणून जागच्या जागी चिकटवा. मी दर शनिवारी हे करते. आणि जुना तक्ता पुसू नका. शीटची नक्कल करून तिला ‘दर २०२४’, ‘दर २०२५’ अशी नावं द्या. गिऱ्हाईक दोन वर्षांनी भांडायला येतं तेव्हा उपयोगी पडतं.

फॉर्म्युला बरोबर चालतोय याची खात्री कशी करू?

खऱ्या ऑर्डरी भरण्याआधी सात खोट्या भरा. पहिल्या चार तक्त्याच्या चार कोपऱ्यांच्या: १ किलो दुबई, १ किलो ऑस्ट्रेलिया, १० किलो दुबई, १० किलो ऑस्ट्रेलिया. ९००, १७००, ४८००, ८६०० आले पाहिजेत. एका घराची सरकासरक झाली असेल तर ती कोपऱ्यावर लपत नाही. पाचवी पायरीवर बरोब्बर बसणारी, ३ किलो सिंगापूर. सहावी पायरीच्या किंचित वर, ३.०१ किलो सिंगापूर: आधीचीला २१५०, हिला ३२००. सातवी तक्त्यात नसलेल्या देशाची, न्यूझीलंड म्हणा. तिला आकडा आला तर तिथेच थांबा आणि मॅचच्या शेवटचं शून्य शोधा.